वडगावचा परागंदा भाऊ: एक शोध

वारसनोंदीच्या निमित्ताने वडिलांनी पन्नासेक वर्षांपूर्वी आमची वंशावळ नीट लिहून काढली होती. तिच्यात माझ्या खापरपणजोबांच्या शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. पण त्या नावाखाली रेघ ओढलेली नाही, फक्त कंसात ‘मोरसास गेला’ असे लिहिले आहे. मोरस म्हणजे मॉरिशस हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण तो कधी गेला, कसा गेला आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगू शकणारे कोणी उरले नव्हते. आमचे मूळ गाव सिन्नर तालुक्यातले वडगाव पिंगळा. मी स्वतः नोकरीमुळे आयुष्यभर नाशकात राहिलो. निवृत्तीनंतर मोडी शिकलो नसतो, तर ही कंसातली नोंद बहुधा तशीच राहिली असती.

शोधाला सुरुवात मात्र माझ्याकडून झाली नाही. मॉरिशसमधल्या कात्र बोर्न या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने मोडी वाचणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी ते नाशिकचा माणूस म्हणून माझ्याकडे पाठवले. पत्र इंग्रजीत होते. मधूनमधून शाळेत शिकलेल्या मराठीतली वाक्ये होती. तिच्या घराण्यातला पहिला माणूस १८५९ मध्ये मुंबई बंदरातून पोर्ट लुईला उतरला होता आणि त्याचे गाव शोधण्यात तिची बरीच वर्षे गेली होती. २०२४ मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची विशेष तरतूद जाहीर झाली, तेव्हापासून तिकडे अनेक जण असे कागद जमवू लागले आहेत. पण तिला कार्ड नको होते, गाव हवे होते.

तिच्याजवळचा मुख्य कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातला होता. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, आणि त्यांची नोंदवही या संस्थेने जपली आहे. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळत असे. त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि ज्याच्या मळ्यावर पाठवले त्या मालकाचे नाव असे रकाने असतात. पुढे त्या माणसाच्या मुलांच्या जन्मनोंदीतही बापाचा हा क्रमांक लिहिलेला सापडतो, म्हणून मॉरिशसच्या बाजूने पिढ्या जोडणे हे वाटते तितके अवघड काम नाही. तिने आपल्या जन्मदाखल्यापासून मागे जात पाच पिढ्यांची साखळी स्वतःच पूर्ण केली होती. १८६७ च्या कायद्याने जुन्या करारमुक्त मजुरांना स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे झाले, आणि या जाचक नियमामुळेच आज वंशजांना आपल्या पूर्वजांचे चेहरे पाहायला मिळतात. तिच्याकडे असे छायाचित्र होते: डोक्याला मुंडासे, गालफडे बसलेली, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला.

तिची गाडी अडली होती ती जिल्ह्याच्या रकान्यापाशी. तिथे ‘अहमदनगर’ असे लिहिले होते, त्यामुळे ती आणि तिला मदत करणारे सगळे जण आजच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, शोध घेत होते. परगण्याच्या रकान्यात ‘सिन्नर’शी जुळणारे काहीतरी होते आणि गाव ‘वरगाम’ होते. नाशिककराला हे वाचताच उलगडावे असे आहे, कारण नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. त्याआधी सिन्नर, निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, इगतपुरी आणि खुद्द नाशिक हे तालुके अहमदनगरकडे होते, तर मालेगाव, बागलाण आणि नांदगाव खानदेशाकडे. तेव्हा १८५९ मध्ये जहाजावर चढलेल्या सिन्नरच्या माणसाच्या नावापुढे नाशिक जिल्हा येणे शक्यच नव्हते. परदेशी गेलेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने त्या वर्षीचा जिल्हा आणि आजचा जिल्हा एकच धरून चालू नये, हे मी आता भेटेल त्याला सांगत असतो. जिल्ह्यांच्या हद्दी फिरत राहिल्या, परगण्याचे नाव मात्र बहुधा टिकून राहिले. त्यामुळे आधी परगणा वाचावा.

‘वरगाम’ हे वडगावच असणार याविषयी मला शंका नव्हती. इंग्रज कारकून ‘ड’च्या जागी ‘र’ आणि ‘गाव’च्या जागी ‘गाम’ लिहीत. १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला इंग्रजांकडून जो तह करून घेतला, तोही इंग्रजी पुस्तकांत वरगामचा तह म्हणूनच येतो. पण सिन्नर तालुक्यात वडगावे दोन आहेत, वडगाव पिंगळा आणि वडगाव सिन्नर, आणि जहाजावरच्या कारकुनाला पुढचा शब्द लिहिण्याची गरज वाटली नव्हती. नाव आणि बापाचे नाव आमच्या वंशावळीशी जुळत होते, हे खरे. तरी ती दोन्ही नावे त्या काळात गावोगाव सापडतील अशी होती, म्हणून तेवढ्यावर नाते जोडणे मला पटेना. ‘आमच्या घरी खंडोबा आहे,’ असे तिने मोठ्या आशेने कळवले होते. खंडोबा सिन्नरपासून पुण्यापर्यंत निम्म्या घरांत असतो, हे तिला जरा बेतानेच लिहावे लागले.

आडनावाचाही उपयोग नव्हता. मॉरिशसला उतरताना बहुतेकांच्या नावापुढे आडनाव लिहिलेच गेले नाही. मुलांच्या नोंदीत बापाचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि तेच कायम झाले. तिचे आजचे आडनाव म्हणजे त्या पहिल्या माणसाचे पाळण्यातले नाव आहे, फक्त फ्रेंच वळणाने लिहिलेले.

इथून मी रामकुंडाकडे वळलो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, हे महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत असते. पण अस्थिविसर्जनाच्या किंवा श्राद्धाच्या निमित्ताशिवाय तिकडे कोणी जात नाही. नुसती नामावळी पाहायला आलेला माणूस गुरुजींनाही नवा होता, त्यातून येऊ घातलेल्या सिंहस्थाची लगबग. त्यांनी माझे नाव विचारलेच नाही. ‘आडनाव आणि मूळ गाव सांगा,’ एवढेच म्हणाले, कारण त्यांची व्यवस्था गावावर आणि कुळावर चालते. मग पंचवटीतल्या त्यांच्या वाड्यात माळ्यावरून तांबड्या कापडात बांधलेली लांबोळकी वही खाली आली. सुरुवातीची पाने बॉलपेनची होती आणि त्यांत माझ्या वडिलांची सही होती, आजोबांच्या अस्थी घेऊन आलो तेव्हाची. शेजारी शाळकरी अक्षरात मी स्वतः लिहिलेले माझे नाव. मागे जाल तसे बॉलपेन जाऊन टाक आला, बाळबोध, म्हणजे देवनागरी, जाऊन मोडी आली आणि सह्यांच्या जागी निशाण्या दिसू लागल्या.

आम्हाला हवे असलेले पान शके १७८७, क्रोधननाम संवत्सर, मार्गशीर्ष महिन्याचे निघाले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही नोंद १८६५ च्या अखेरची. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि लिहिणारा घाईत असेल तर एका वळणात तीन अक्षरे उरकतो. त्यामुळे गुरुजींनी आणि मी ते पान निरनिराळे वाचून मग ताडून पाहिले. माझे खापरपणजोबा बापाच्या अस्थी घेऊन आले होते. ‘मौजे वडगाव पिंगळे, प्रगणे सिन्नर’ असे स्पष्ट होते. पुढे भावांची नावे होती आणि शेवटच्या नावापुढे ‘मोरसास’. खाली सहीच्या जागी बोरूने काढलेला छोटा नांगर, म्हणजे कुणब्याची निशाणी. बाप वारला तेव्हा धाकट्याला जाऊन सहा वर्षे झाली होती आणि तरीही उपाध्यायाकडे भावांची नावे सांगताना त्याला वगळले गेले नव्हते.

या पानाचे छायाचित्र घेऊ द्यायला गुरुजी सुरुवातीला तयार नव्हते. नामावळी हीच त्यांची वंशपरंपरागत मिळकत आहे आणि तिची छायाचित्रे बाहेर फिरू लागली तर यजमान कशाला येतील, हे त्यांचे म्हणणे मला गैर वाटले नाही. शेवटी आमच्या कुळापुरते एक पान, तेही त्यांच्यासमोर, असे ठरले.

महसुली कागद पाहणे राहिले होते. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तिच्या निमित्ताने गावोगावचे जुने मोडी कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना १४, जमिनींची पत्रके असे कितीतरी दप्तर बाहेर निघाले, तपासले गेले आणि स्कॅनही झाले. त्या मागणीविषयी कोणाचे काही मत असो, घराण्याचा शोध घेणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे झाले. तरीही मी ज्या अभिलेख कक्षात गेलो, तिथे एका टेबलावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून ‘साहेब आल्यावर या’ या उत्तरावर बराच काळ गेला. नक्कल मिळाली ती एका तरुण कारकुनाच्या उत्साहामुळे. त्याला मोडी येत नव्हती आणि ती वाचली जाताना ऐकायची होती.

त्या पत्रकात खापरपणजोबांच्या नावे लागलेल्या जमिनीच्या शेऱ्यात धाकटा भाऊ ‘परागंदा’ असल्याची नोंद होती. एकाच माणसाविषयी नामावळीत ‘मोरसास’ आणि सरकारी कागदात ‘परागंदा’. जातीचेही तसेच, मॉरिशसच्या वहीत ‘मराठा’, इकडच्या पत्रकात ‘कुणबी’. लिहिणारा कारकून कोण आणि त्याला काय हवे होते, यावर ते अवलंबून होते. तिकडच्या वहीने माणूस मोजला, त्याची उंची घेतली, खुणा टिपल्या, कारण त्यांना हात हवे होते. इकडच्या वहीने जमीन मोजली, आणि माणूस नाही म्हणजे सारा कोणाकडून घ्यायचा एवढाच तिचा प्रश्न होता. दोन्ही कागद फक्त गावाच्या आणि बापाच्या नावापाशी भेटतात. तिसरी, नामावळीची नोंद नसती तर तो आमचाच माणूस असे मी म्हटले नसते.

तो का गेला, हे कोणत्याच कागदात नाही. १८५० च्या दशकाच्या अखेरीस थळ (कसारा) घाटात रेल्वेचे काम चालू होते आणि घाटाच्या वरच्या गावांतून माणसे त्या कामावर जात होती. तिथून मुंबई, मुंबईत मजुरांची भरती करणारा मुकादम आणि मग जहाज, असा त्याचा मार्ग असावा, हा माझा तर्क आहे. १८५९ हे मॉरिशसला सर्वांत जास्त माणसे नेली गेली ते वर्ष होते, तेव्हा भरतीचा जोरही मोठा असणार. न परतण्याचे कारण शोधायला मात्र फार लांब जावे लागत नाही. करार संपल्यावर मिळणारा फुकटचा परतीचा प्रवास १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाला होता, आणि मजुराच्या महिना पाच रुपयांत परतीचे भाडे साठणे कठीण होते.

गावी हे सगळे सांगितले तेव्हा भाऊबंदांत पहिला प्रश्न निघाला तो सातबाऱ्याचा. ‘बाई हिस्सा मागायला तर येत नाही ना?’ असे एका चुलतभावाने सरळच विचारले, आणि आमच्या भागातले जमिनीचे आजचे भाव पाहता त्याची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. परदेशी राहणाऱ्या बहिणीला मूळ घर पाहायचे आहे, यापलीकडे काही नाही, हे पटवून द्यायला वंशावळ वाचण्याहून अधिक वेळ लागला. ती गेल्या हिवाळ्यात आली. वडगावात तिने चुलतवहिनीच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली. मला ‘दादा’ म्हणत होती. हिशेबाने आम्ही एकाच पिढीतले आहोत, त्यामुळे नाते बरोबर होते. रामकुंडावर गुरुजींनी नव्या पानावर तिच्या पाचही पिढ्यांची नावे तिच्या उच्चारानुसार बाळबोधीत लिहून घेतली आणि पोर्ट लुई हे गावाच्या जागी लिहावे की नाही, यावर थोडे अडून शेवटी ‘मूळ वडगाव पिंगळे, हल्ली मॉरिशस’ असे लिहिले.

आता राहिला आहे तो बायकोचा धागा. त्याने तिकडेच लग्न केले आणि त्या बाईचाही स्वतंत्र क्रमांक आहे. तिच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी आहे, पण परगण्याचा रकाना शाई फुटल्यामुळे वाचता येत नाही. सावंतवाडी हे तेव्हा वेगळे संस्थान होते, म्हणजे निदान तेवढा भाग वगळता येतो. मोक्याहून त्या पानाची अधिक स्पष्ट प्रत मागवली आहे, आणि दरम्यान रत्नागिरीकडचे मोडी जाणणारे कोणी परगण्यांची जुनी यादी देऊ शकेल का, याची विचारपूस चालू आहे.