तुमचा नगरसेवक कोण?

पुण्याचे नातेवाईक फोनवर थंडीची चौकशी झाली की हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: कुणीच नाही. नगरसेवक आहेत, पण 'आमचा' म्हणावा असा एकही नाही, कारण इथे वॉर्डच नाहीत.

आम्ही राहतो डेन्मार्कमध्ये, अल्बर्ट्सलुंडला, कोपनहेगनच्या पश्चिमेला, साधारण 15 किलोमीटरवर. 1947 च्या 'फिंगर प्लॅन'नुसार कोपनहेगन म्हणजे तळहात, रेल्वेमार्गांवरची उपनगरं म्हणजे बोटं, आणि बोटांमधली जागा हिरवी. आम्ही रोस्किलेकडच्या बोटावर. ग्लोस्ट्रुप, अल्बर्ट्सलुंड, टॉस्ट्रुप. लोकलमधून हद्द कळतसुद्धा नाही, पण प्रत्येक वेळी कम्युन, म्हणजे इथली नगरपालिका, बदललेली असते. उत्तरेचं वेस्टस्कोवन जंगल चांगलं जुनं वाटतं, पण ते 1967 पासून शेतजमिनी घेऊन लावलेलं आहे.

देशात अशा 98 कम्युन. 2007 च्या आधी अडीचशेच्या वर होत्या, त्या विलीनीकरणातून आमची सुटली. पाळणाघर, शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, कचरा, वाचनालय सगळं कम्युनकडे. दवाखाने मात्र रीजनकडे, म्हणजे कम्युनच्या वरच्या प्रादेशिक कारभाराकडे. मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा कम्युनच्या करात जातो, त्यामुळे घर घेताना लोक शेजारच्या कम्युनचा दरही बघून ठेवतात.

भारतीय पासपोर्ट असला तरी सलग चार वर्षं इथे राहिलं की कम्युनच्या निवडणुकीत मत देता येतं, संसदेच्या नाही. अख्खी कम्युन हाच एक मतदारसंघ, म्हणून मतपत्रिका हातभर लांब: सगळे पक्ष, त्यांच्याखाली सगळी नावं. पक्षावर फुली मारा नाहीतर माणसावर. जागा मतांच्या प्रमाणात वाटतात आणि महापौर निवडून आलेले सदस्य ठरवतात. निकालाच्या रात्री पक्षांमध्ये होणाऱ्या बोलणीत सगळ्यांत मोठ्या पक्षाच्या हातून खुर्ची निसटते, असंही होतं. आमच्या भाच्याला राजकारणाचा भारी नाद, त्याला हा भाग फार आवडतो!

मला विशेष वाटतं ते वेगळंच. वरून नेमलेला आयुक्त नाही. प्रशासनाचा प्रमुख महापौरच. आणि निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी होतेच, पुढेमागे करता येत नाही. पुण्यात 2022 नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होता, हे इथल्या शेजाऱ्यांना पटवून देणं अवघड जातं.

"मग फ्लेक्स तरी?" मामांचा पुढचा प्रश्न. आहेत की, विजेच्या खांबांवर उमेदवारांचे चेहरे. पण मतदानानंतर आठ दिवसांत उतरवायचे, नाहीतर कम्युन काढते आणि बिल पाठवते.