एक तारा, बावीस फेरे

२०२०च्या फेब्रुवारीत मी काक्षी मंदावलेला पाहिला. मृगाच्या खांद्यावरचा हा तांबूस तारा एरवी ०.५ प्रतीच्या आसपास असतो. त्या महिन्यात तो १.६ प्रतीपर्यंत उतरला होता. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. त्या हिशेबाने काक्षीचं नेहमीचं तेज निम्म्याहूनही कमी झालं होतं. मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स आणि तो जवळजवळ सारखेच दिसत होते. लहानपणापासून ओळखीचं असलेलं नक्षत्र एकदम परकं वाटलं. मी कितीतरी वेळ गच्चीवर उभी होते.

एप्रिलपर्यंत तो पुन्हा उजळला. कारण २०२१मध्ये समजलं: ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली होती आणि तिने त्याचा काही भाग आपल्यापासून झाकला होता. ते वाचताना मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला होता, पण माझ्याकडे त्याची एक ओळही नव्हती. कोणत्या रात्री पाहिलं, किती मंद होता, कशाच्या तुलनेत मंद होता, काहीच लिहिलेलं नव्हतं.

खरं तर त्या वर्षभरात मी आकाशाच्या मागे चांगलीच लागले होते. १० बाय ५०ची दुर्बीण घेतली, नकाशे घेतले, मोबाइलमध्ये दोन ॲप घेतली, रात्र रात्र जागून व्याख्यानं ऐकली. कृष्णविवरांपासून विश्वाच्या प्रसरणापर्यंत सगळं वाचून झालं. वाचण्याचा हा काळ फार गोड असतो. रोज काहीतरी नवं कळतं आणि आपण पुढे चाललो आहोत असं वाटतं. पण गच्चीवर जाणं मात्र आठवड्यातून चारदा होतं ते एकदा झालं, मग महिन्यातून एकदा. २०२१च्या उन्हाळ्यात दुर्बीण कपाटावर गेली. कुतूहल संपलं नव्हतं. ताऱ्यांविषयी काही दिसलं की मी अजून तितक्याच ओढीने वाचत होते. गच्चीवर जाऊन करायचं काय, हेच उरलं नव्हतं. वर जायचं, तेच कृत्तिकेचे ठिपके बघायचे, तीच देवयानीची धुरकट दीर्घिका शोधायची आणि खाली यायचं. आज गेले नाही तरी उद्या ते तिथेच असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या सप्टेंबरात एका आकाशदर्शनाला गेले. तिथे पंचवीसेक वर्षं निरीक्षणं करणारे एक काका होते. त्यांनी विचारलं, "तू काय बघतेस?" मी म्हटलं, "सगळंच बघते, काका." ते म्हणाले, "अगं, सगळं बघणारे खूप येतात, आणि दोन महिन्यांनी दिसत नाहीत. तू एक तारा धर. बदलणारा धर. म्हणजे काल बघितलं तरी आज बघावंच लागेल."

त्यांनी मला वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी दिला. दिला हाच शब्द मला बरोबर वाटतो. हा रूपविकारी तारा आहे, म्हणजे त्याचं तेज कमीजास्त होत राहतं. ३.५ प्रतीपासून ४.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. पूर्ण फेरा ५ दिवस ८ तास ४७ मिनिटांचा. चढतो भराभर, दीड दिवसात. उतरायला मात्र चार दिवस घेतो. जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या तरुणाने १७८४मध्ये यॉर्क गावातून नुसत्या डोळ्यांनी त्याचं हे वागणं टिपलं, आणि १७८६मध्ये वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी तो गेला. याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे हेन्रिएटा लेव्हिट यांनी फेऱ्याचा काळ आणि मूळ तेज यांचं नातं दाखवलं आणि दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजायला फूटपट्टी मिळाली. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. तो तारा आकाशात नेमका कुठे आहे हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या रात्री तो सापडायलाच पाऊण तास लागला. शर्मिष्ठेच्या इंग्रजी एम् अक्षरावरून पलीकडे सरकत गेलं की वृषपर्व्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. दुर्बिणीच्या एका नजरेत तिन्ही मावतात. एक झीटा, ३.४ प्रतीचा, थोडा नारिंगी. दुसरा एप्सिलॉन, ४.२ प्रतीचा, पांढरा. तिसरा आपला डेल्टा. झीटा आणि एप्सिलॉन डोळ्यांना कळेल इतके बदलत नाहीत, म्हणून ते मोजायच्या काठीसारखे वापरायचे. डेल्टा झीटाच्या जवळपास तेजस्वी आहे की एप्सिलॉनसारखा मंद? मधे असेल तर नेमका कुठे? मनात त्या दोघांमधल्या फरकाचे चार भाग पाडायचे. डेल्टा झीटापेक्षा एक भाग मंद वाटला तर ३.६, बरोबर मधे वाटला तर ३.८. बस, एवढंच काम.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या रात्री तिन्ही मला सारखेच दिसले. डोळे अंधाराला सरावलेले नव्हते. वीस ते तीस मिनिटं उजेड पाहिला नाही तर डोळा खरा उघडतो, आणि मी दर पाच मिनिटांनी नकाशासाठी मोबाइल लावत होते. दुसऱ्या रात्री टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळलं, नकाशा कागदावर काढून नेला आणि रस्त्यावरचा दिवा आड व्हावा म्हणून पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. मग एक गोष्ट लक्षात आली: एखाद्या ताऱ्याकडे रोखून बघितलं की तो फिका वाटतो आणि नजर जरा बाजूला नेली की उजळतो. म्हणून तिघांकडे सारख्याच पद्धतीने बघायचं, एकेक करून दुर्बिणीच्या मध्यावर आणून. पाच-सहा वेळा फिरून आले तेव्हा कुठे डेल्टा दोघांच्या मधे, एप्सिलॉनकडे झुकलेला दिसला. वहीत लिहिलं: ४.०. तो आकडा लिहिताना झालेला आनंद मला वर्षभराच्या वाचनाने दिला नव्हता. तो माझा आकडा होता.

पुढचं सगळं वहीने केलं. आमच्या घरी रात्री गच्चीच्या दाराला कडी लावायचं काम माझ्याकडे आहे. त्या दारामागेच खिळ्याला वही अडकवली आणि तिला दोऱ्याने पेन्सिल बांधली. कडी लावायला वर जायचंच असायचं, त्यामुळे वेगळा निश्चय असा करावा लागला नाही. दुर्बीण कपाटावरून खाली दाराजवळच्या फळीवर आली. कपाटावरची दुर्बीण आणि हाताशी असलेली दुर्बीण यांत केवढा फरक पडतो, हे मी अगदी मनापासून सांगते.

काकांचा एक नियम मी सुरुवातीपासून पाळला: ढग असले तरी नोंद करायची. तारीख, वेळ, आणि पुढे "ढग". ऑक्टोबरात सलग अकरा रात्री आकाश बंद होतं. अकरा ओळी "ढग" लिहून झाल्या. एरवी अकरा दिवसांचा खंड पडला की माझी कुठलीही गोष्ट सुटते. इथे सुटली नाही, कारण वहीत खंड नव्हताच. रोज वर जाऊन वर बघितल्याची ओळ होती.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती मला महिन्याने कळली. पाहिलेले आकडे आलेखाच्या कागदावर मांडले तर फारच सुबक रेषा आली. इतकी सुबक की काकांनी ती पाहिली आणि विचारलं, "मागचं पान बघून वर जातेस का?" जात होते. काल ३.७ होता, म्हणजे आज ३.८ असायला हवा, हे डोक्यात घेऊनच दुर्बीण लावत होते, आणि डोळा बापडा सांगितलेलं बघत होता. एका रात्री तर मी ४.१ लिहून आले होते, आणि मागाहून हिशेब केला तेव्हा त्या वेळी तारा चढून जवळजवळ सर्वांत तेजस्वी असायला हवा होता. मी एक रात्र आधीचा अंदाज घेऊन गेले होते आणि समोरचा तारा पाहिलाच नव्हता. फार वाईट वाटलं. त्या महिन्याचे सगळे आकडे मी खोडले नाहीत, पण बाजूला "आधी ठरवून पाहिलेले" असं लिहून ठेवलं.

तेव्हापासून जुन्या नोंदींवर पुठ्ठा लावून तो क्लिपने अडकवते. उघडी असते ती फक्त आजची ओळ. आलेख महिन्याच्या शेवटीच काढते. आणि कुठलंही ॲप, कुठलंही वेळापत्रक आकडा लिहायच्या आधी बघत नाही. आकडे लगेच वेडेवाकडे झाले. सुबक रेषेच्या जागी ठिपक्यांची गर्दी आली, पण तिच्यात झरझर चढ आणि संथ उतार स्पष्ट दिसत होता, आणि तो मी ठरवलेला नव्हता.

नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र ओढ खरोखर कमी झाली. तारा सापडायला आता दहा सेकंद लागत, चढउताराचा आकार कळला होता, नवं काही उरलंय असं वाटेना. त्या दिवसांत मला एका बेरजेने धरून ठेवलं. ताऱ्याची कमाल तेजाची वेळ माझ्या आलेखावरून मला फार तर अर्ध्या दिवसाइतकी अचूक सांगता येत होती. एकाच फेऱ्यावरून काळ काढला तर चूकही तितकीच, अर्ध्या दिवसाची. पण पहिल्या कमालपासून दहाव्या कमालपर्यंतचे दिवस मोजले आणि मधल्या फेऱ्यांनी भागले, तर तीच चूक नऊ फेऱ्यांत वाटली जाते. वीस फेरे गाठले तर अर्ध्या तासाच्या आसपास येते. नजर तीच, दुर्बीण तीच. फक्त येत राहायचं. माझं कौशल्य वाढो न वाढो, प्रत्येक नोंदीने उत्तर सुधारणार होतं. हे समजल्यावर कंटाळ्याच्या रात्रीसुद्धा वर जायला जड गेलं नाही.

ढगांमुळे मधे काही फेरे पूर्ण हुकले होते, पण फेरा साधारण साडेपाच दिवसांचा हे पहिल्याच महिन्यात दिसलं होतं, त्यामुळे अकरा दिवसांत दोनच फेरे गेले असणार, एक किंवा तीन नाहीत, हे सांगता येत होतं. खंडातही मोजणी तुटली नाही.

सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, वृषपर्वा वायव्येला कलू लागेपर्यंत, माझ्या वहीत रोजच्या ओळी झाल्या. त्यांतल्या ३९ ढगांच्या. पहिली धरता येईल अशी कमाल आणि शेवटची यांत एकशे साडेअठरा दिवस होते. फेरे बावीस. भागाकार कागदावर केला: ५ दिवस ९ तास १६ मिनिटं. खऱ्या आकड्यापेक्षा २९ मिनिटांनी जास्त. मी तो भागाकार तीनदा तपासला. जिलेटिन लावलेला टॉर्च, टाकीचा आडोसा आणि चार भागांत केलेला अंदाज, यांतून एका दूरच्या ताऱ्याच्या स्पंदनाचा काळ अर्ध्या तासाच्या आत आला होता. काकांना फोन केला. ते म्हणाले, "आता तुझे पुठ्ठ्याखालचे आकडे पाठव." अमेरिकेत १९११मध्ये सुरू झालेली एएव्हीएसओ ही संस्था जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी एकत्र ठेवते. मी निरीक्षक म्हणून नाव नोंदवलं आणि पहिल्या महिन्याचे सोडून बाकीचे सगळे आकडे वेळ आणि तुलनेच्या ताऱ्यांसह भरले.

त्याच आठवड्यात वहीत नवं पान उघडलं, मीरासाठी. तिमिंगल समूहातला हा तांबडा तारा नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो आणि मग महिनोन् महिने दुर्बिणीतूनही हरवतो. फेरा सुमारे ३३२ दिवसांचा. म्हणजे डेल्टा सेफीसारखे बावीस फेरे मोजायचे तर वीस वर्षं लागतील. जागा नकाशावरून पक्की केली, शेजारचे तारे ओळखले, पाऊण तास बघितलं. त्या जागी काहीच नव्हतं. अशा रात्रीही नोंद होते: शेजारी दिसलेला सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा, ते लिहायचं. मी तारीख आणि वेळ टाकली आणि पुढे लिहिलं: ७.५ पेक्षा मंद.