पितळखोऱ्याच्या ओढ्याचं पाणी

सप्टेंबरातला रविवार होता. संभाजीनगरहून मी, ताई आणि भाचा असे तिघं सकाळीच निघालो. वेरूळ मागे पडलं, कन्नड आलं आणि गौताळ्याचं रान लागलं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं. पावसाळा सरताना हे सातमाळ्याचे डोंगर इतके हिरवे असतात की उन्हाळ्यातला मराठवाडा आठवत नाही.

पितळखोऱ्याची लेणी वरून दिसत नाहीत. पठाराच्या कडेवरून पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं. काम इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. चैत्यगृहाच्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. खडक ठिसूळ, म्हणून दर्शनी भाग कोसळून गेलेत. मी मात्र नागापाशीच थबकले. डोंगरातून झिरपणारं पाणी बाहेर जावं म्हणून खडक आरपार कोरून वाट काढलेली, आणि तिच्या तोंडाशी पाच फण्यांचा नाग. इथं राहायचं तर पाण्याचा विचार आधी, हे त्या लोकांना पुरतं ठाऊक होतं.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही ओढ्यातल्या एका सपाट दगडावर बसून खाल्ली. पाणी जेमतेम घोट्याएवढं, तळ दिसावा इतकं निवळ. डोक्यावर लख्ख ऊन. पलीकडच्या काठाला स्तूपांची छोटी लेणी आहेत, ती बघायला भाचा निघालाच होता. तेवढ्यात चौकीदार काकांनी वरून हाक दिली.

"ताई, पोराला मागं घ्या. पाण्याचा रंग बघा."

पाणी चहासारखं झालं होतं. त्यावर पालापाचोळा, काटक्या. मी म्हटलं, "काका, पाऊस तर कुठंच नाही."

"हितं नाही. वर पडतोय ना."

आपल्या माथ्यावर काय चाललंय ते ओढ्याला लागू नसतं. वरचं पठार काळ्या कातळाचं, माती वीतभर. पावसाळ्याच्या अखेरीस ती आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते. चार-पाच किलोमीटरवर एक जोरदार सर झाली तरी सगळं पाणी घळीघळीतून या एका चिंचोळ्या दरीत येतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगररांगेतल्या कन्नड घाटात अतिवृष्टीनं दरडी कोसळल्या होत्या. पाणी गढूळलं, काडीकचरा वाहू लागला, वरच्या अंगानं घरघर ऐकू आली, की सामान गोळा करत बसायचं नाही. काठाकाठानं खाली पळायचं नाही, सरळ उंचावर चढायचं.

आम्ही लेण्यांच्या ओट्यावर आलो. दशम्यांचा डबा खालीच राहिला. भाचा घाबरून ओरडायला लागला, तर काकांनी तोंडावर बोट ठेवून कड्याकडे दाखवलं. वर आग्यामोहोळं लटकलेली. आरडाओरडा, धूर, दगड, उग्र अत्तर, यातलं काहीच त्यांना खपत नाही. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून बंदिस्त जागेकडे धावायचं आणि पाण्यात अजिबात उडी घ्यायची नाही, कारण त्या वर घिरट्या घालत वाट बघतात. काका हे सगळं कुजबुजत सांगत होते.

थोड्याच वेळात आमचा सपाट दगड दिसेनासा झाला.

पाणी उतरेपर्यंत संध्याकाळ होत आली. पायऱ्या चढून वर आलो तर ईशान्येला विजा. पठारावर एकट्या झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट. आम्ही गाडीत बसलो, काचा लावल्या, पत्र्याला हात न लावता गप्प राहिलो. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप माझ्या फोनमध्ये होतं. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. पण दरीत रेंज नव्हती आणि उतरण्याआधी मी ते उघडलं नव्हतं. मागच्या सीटवर ताईनं पोराचा हात घट्ट धरला होता. गाडी कन्नडला पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही.