भेकराची वाट आणि फासकी

वाघाच्या गणनेसाठी रानात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावायची सवय झालेल्या माणसाला भेकराची, म्हणजे त्या लहानशा हरणाची, जागा चटकन सापडत नाही. वाघाला रानरस्ता किंवा नाल्याचं मोकळं पात्र पाहायचं, दोन्ही कुशींचे पट्टे हवेत म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे. भेकर सहसा रस्त्याने चालत नाही, रस्ता ओलांडतं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात मिळतो तो त्याचा निम्मा मागचा भाग.

कोयनेच्या खोऱ्यात या हिवाळ्यात आम्ही खास भेकर आणि पिसोरी (हरणासारखं दिसणारं इवलंसं जनावर) यांच्यासाठी कॅमेरे लावत होतो. कॅमेऱ्यासाठी नकाशावरून ठरलेला, जीपीएसवर आलेला बिंदू करवंदीच्या जाळीत पडला होता. नकाशावर चौकोन आखणाऱ्यांना उतार दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. सोबतच्या वनमजूर मामांनी तो बिंदू बघितलासुद्धा नाही. "मॅडम, बेहडा गळतोय वर. तिकडं चला."

बेहड्याखाली गर खाल्लेल्या बिया, ओल्या लेंड्या आणि दोन बोटांत मावेल एवढा दुभंगलेला खूर. तरी कॅमेरा झाडाखाली लावायचा नाही. तिथे वानरं, साळिंदरं, डुकरं येऊन कार्ड भरून टाकतात. झाडाकडे येणारी वाट धरायची. सेन्सर उष्ण अंगाची हालचाल टिपतो आणि आडवं जाणारं जनावर त्याला लवकर कळतं, थेट समोरून येणारं उशिरा. म्हणून वाटेपासून तीनेक मीटरवरचं न हलणारं खोड निवडलं, तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात येत नाही. पिसोरी खांद्याला जेमतेम फूटभर, त्यामुळे कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणला. उतारावर ही उंची वाटेच्या पातळीपासून मोजावी लागते, खोडाच्या बुडापासून नाही. समोरचं गवत तेवढं कापलं, कारण तापलेलं पातं वाऱ्याने हललं तरी रिकामे फोटो निघत राहतात.

मग मामा चाचणीसाठी हातापायांवर रांगत वाटेने निघाले आणि मध्येच थांबले. पुढे क्लच वायरची फासकी होती. दोन्ही बाजूंना काटक्यांचा आडोसा रचून वाट एका फटीतून काढलेली आणि फटीत बरोबर भेकराच्या मानेच्या उंचीला वेटोळं. वायर गंजलेली नव्हती. एक टोक कारवीत लपवून पलीकडच्या बुंध्याला पक्कं आवळलं होतं.

लावणाऱ्यानेही बेहड्याखालची जागा सोडून वाटच धरली होती. तीच अरुंद जागा, तोच उतार. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना रान इतकं वाचता येतं, आणि ती विद्या या कामी लागते याचा मला संताप येतो.

फासकी काढली, पंचनामा झाला. वनपालांचं म्हणणं, कॅमेरा तिथेच ठेवा, माणूस सापडेल. मला ते पटतं आणि नाहीही. कॅमेरा दिसला तर फासकी लावणारा तोच उचलून नेईल, आणि कापलेलं गवत पाहून ही चालती वाट आहे हे दुसऱ्या कुणालाही कळेल. फोटोखाली जागेचे आकडे टाकून समूहावर फिरवणाऱ्या हौशी मंडळींनीही याचा विचार करावा.

तूर्त कॅमेरा वरच्या फांदीआड, तिरका खाली रोखून लावलाय. पिसोरी त्यातून सुटेल, हे मला माहीत आहे. कार्ड काढायला गेल्यावर तो खाली आणायचा की नाही, यावर मामांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.