आई ज्याला ‘लाइट’ म्हणते, त्याचे पंचवीस दिवस

लातूरच्या पोरीला कुणी पाणी प्यायला सांगावं आणि तिनं वैतागावं, असा प्रसंग यंदा माझ्यावर आला. रोज दुपारी, इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका हॉस्पिटलात, कॅन्सरवरचे किरण (आईच्या भाषेत ‘लाइट’) घेण्याआधी, कागदी पेल्यानं तीन पेले पाणी प्यायचं आणि मग अर्धा तास लघवी धरून बसायचं. मूत्राशय भरलं की ते फुगून लहान आतड्याला वर सारतं, आतडं किरणांच्या वाटेतून बाजूला होतं आणि हगवण थोडी कमी लागते. ऐकायला सोपं आहे. पण तिसऱ्या आठवड्यापासून मूत्राशयच चिडतं, आणि समोरच्या पाटीवर ‘मशीन वीस मिनिटं उशिरा’ असं झळकतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी माहेरी होते. आईनं न्हाणीत हंडे ओळीनं लावले होते, आणि भाजी धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नव्हतं. त्या घरातली मी, इथं भरल्या पेल्याकडं बघून रडकुंडीला येत होते.

काय झालं होतं ते आधी सांगते. गुदाशयाचा कॅन्सर. वय सेहेचाळीस. शौचातून पाच महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून गप्प होते. ठेच्याशिवाय घास उतरत नाही अशा घरात मूळव्याध ही काही बातमी नसते. शेवटी इथल्या डॉक्टरनं एक डबी घरी दिली, त्यात नमुना दिला आणि पुढचं सगळं भराभर झालं.

उपचाराचा क्रम असा ठरला: आधी किरण आणि केमोच्या गोळ्या एकत्र, मग आठ-दहा आठवडे थांबायचं, मग ऑपरेशन. किरण सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, म्हणजे पंचवीस वेळा. गोळीचं नाव कॅपेसिटाबीन. ती सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची. गोळीमुळे गाठीवर किरणांचा मारा जास्त लागू पडतो. गाठ आकसली की सर्जनला तिच्याभोवतीची कड स्वच्छ राखून ती काढता येते.

“आधीच कापून का टाकनात?” आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं. “गळू पिकू देत्यात तसं का?”

“उलटं, आई. सुकू देतात.”

एक गोष्ट तिकडच्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते. गोळ्या सुरू करण्याआधी माझं एक वेगळं रक्त तपासलं. हे औषध शरीरात मोडून काढणारं डीपीडी नावाचं एन्झाइम काही जणांत जन्मतः कमी असतं, आणि अशांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. २०२० पासून युरोपात ही तपासणी आधी करायला सांगतात. तुमच्या घरात कुणाला कॅपेसिटाबीन किंवा त्याच जातीचं ५-एफयू हे औषध लागणार असेल, तर ‘डीपीडीची तपासणी करायची का’ एवढं डॉक्टरांना विचारा.

पहिल्या दिवसाआधी सीटी स्कॅन करून कमरेला तीन ठिपके गोंदले. रोज त्याच जागी नेम धरता यावा म्हणून. माझ्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, आईनं गोंदून घ्यायला साफ नकार दिला होता आणि आता नातीनं घेतलं, तेही सुईनं, शाईनं, आयुष्यभराचं. आई हसली. त्या महिन्यात ती तेवढी एकदाच हसली.

पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. मशीनखाली झोपायचं, घरघर ऐकायची, पाच-दहा मिनिटांत उठायचं. किरण दुखत नाहीत, कळतही नाहीत. मी फुशारकीनं माहेरच्या ग्रुपवर लिहिलं की एवढं काही नाही, कामावरही जातेय.

तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदम आलं. दिवसातून आठ-दहा वेळा संडास, पोटात मुरडा, आव. जाऊन आलं तरी पुन्हा जायचंय असं वाटायचं, कुंथून काहीच निघायचं नाही. लघवीला उन्हाळी लागावी तशी जळजळ. गाठीच्या सुजेनं आणि किरणांनी आतून सोलवटल्यावर शरीर असा खोटा निरोप देतं, हे मला नंतर कळलं. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे मात्र त्यांनी बघितलं, ‘उन्हाळी आहे’ म्हणून सोडून दिलं नाही.

आणि हात. तळहात लालबुंद, मुंग्या, मग आग. हातापायांना होणारा हा त्रास गोळीचा. भाकरीला आधण घेतलेलं पीठ मी आयुष्यभर चटके सोसत मळलं, आणि आता कोमट पाण्याचा पेला धरवत नव्हता. एका रविवारी हट्टानं परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी थापता थापता करंगळीजवळची कातडी फाटली. पिठावर एक लहानसा लाल ठिपका पडला. नवऱ्यानं काही न बोलता परात उचलली आणि ते पीठ टाकून दिलं. आमच्याकडं पीठ टाकत नाहीत. मला हातापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हे मी हॉस्पिटलात चार दिवस सांगितलं नाही. कारण एकच. सांगितलं तर गोळ्या बंद करतील, आणि बंद केल्या तर गाठ वाढेल. शिवाय आपल्याकडं सोसण्याला मान आहे. दुष्काळ सोसला, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे सोसले, त्यात तळहात ते काय. पोलंडहून आलेली आमची नर्स रोज विचारायची, किती वेळा जाऊन आलीस, हातपाय कसे आहेत. मी म्हणायची, ठीक. एका सकाळी तिनं माझा हात धरून उताणा केला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. ती म्हणाली, तू सांगितलं असतंस तर दोन दिवस थांबवून भागलं असतं, आता आठवडाभर थांबवावं लागेल. गोळी थांबली, किरण चालू राहिले, आणि हात बरे झाल्यावर डोस थोडा कमी करून गोळी पुन्हा सुरू झाली. मधल्या त्या थांब्यानं उपचार वाया जात नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. युरियाचं मलम, रात्री सुती हातमोजे, गरम पाण्यात भांडी घासायची नाहीत. भांडी हा नियम नवऱ्यानं इतका मनावर घेतला की अजून तोच घासतो.

त्यानंतर मी वहीत लिहायला लागले. किती वेळा, रक्त आहे का, ताप किती. ३८ च्या वर ताप गेला, रात्री उठून जावं लागायला लागलं किंवा छातीत दुखलं तर वाट बघायची नाही, कार्डावरच्या चोवीस तासांच्या नंबरवर लगेच फोन. छातीतलं दुखणं या गोळीमुळे क्वचित होतं, पण झालं तर तिथंच गोळी थांबवायची असते.

खाण्याचं सांगते, कारण सगळ्यांचे फोन त्याच्यावरच. काकू म्हणाली डाळिंब खा, मावशी म्हणाली हुलग्याचं माडगं कर, वहिनीनं ताकद यावी म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पार्सलच पाठवलं. आहारतज्ज्ञ बाईंनी डबीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि बाजूला ठेवली. त्यात फॉलिक अॅसिड होतं, आणि ते या केमोच्या गोळीसोबत गेलं तर त्रास वाढतो. म्हणजे प्रेमानं पाठवलेली ताकदच हगवण वाढवणार होती. वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही, आता इथं वाचेल.

एरवी चांगलं म्हणून आपण जे खातो, म्हणजे ज्वारी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी, ते तेवढे आठवडे कमी करायचं होतं, कारण चोथा आतड्याला टोचतो. मऊ भात, पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, केळं, उकडलेला बटाटा. हगवण थांबवणारी लोपेरामाइडची गोळी कधी आणि किती घ्यायची हे नर्सनं लिहून दिलं होतं, ती मनानं वाढवायची नाही. ओआरएसचं पाकीट पर्समध्ये. एकदा डोळे मिटून कण्या आणि ताक खातेय अशी कल्पना करत भात खाल्ला. जमलं नाही. भात तो भातच.

आता संडासाचं. इथं कागद. सोलवटलेल्या कातडीवर कागद म्हणजे सँडपेपर. मी लाजत लाजत विचारलं की आम्ही पाणी वापरतो, चालेल का. नर्स म्हणाली, चालेल काय, उत्तम. कोमट पाणी, वासाचा साबण नाही, घासायचं नाही, मऊ टॉवेलनं टिपायचं, सैल सुती कपडे. लीड्सच्या बाजारात तांब्या मिळाला नाही, म्हणून झाडांना पाणी घालायची लहान झारी आणली. ती अजून न्हाणीघरात आहे आणि पाहुणे तिथं कुंडी शोधतात. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचे, आणि त्या दहा मिनिटांसाठी उरलेला दिवस निघायचा.

बाहेर पडायची भीती वेगळी. कॅन्सरच्या रुग्णांना मदत करणाऱ्या मॅकमिलन या संस्थेनं एक लहान कार्ड दिलं. ते दुकानात दाखवलं की बहुतेक जण काही न विचारता संडास वापरू देतात. अपंगांसाठीच्या सार्वजनिक संडासांची कुलपं उघडणारी किल्लीही मिळते. आणि कॅन्सरच्या रुग्णाला इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत.

हे सगळं लिहिताना मला माझे धाराशिवचे चुलतमामा आठवतात. त्यांना हेच, जवळजवळ हाच उपचार, काही वर्षांपूर्वी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात मिळाला, महात्मा फुले योजनेतून. किरण तेवढेच, गोळी तीच. फक्त ते रोज एसटीनं जायचे आणि यायचे. मी फोन करून विचारलं, मामा, एसटीत कसं निभावलं? ते म्हणाले, “उपाशी जायचो, पोरी. पोटात काही नसलं की काही येत नाही.” उपाशीपोटी गोळी घेत होते का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. ते बरे आहेत, शेतात जातात.

पंचविसाव्या दिवशी ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेले इमोजी. संपलं एकदाचं, असं सगळ्यांनी लिहिलं. सर्वात वाईट दिवस त्यानंतरचे होते. किरण थांबले तरी त्यांचं काम चालू राहतं, त्रास पुढचे दहा-पंधरा दिवस वाढतो आणि मग हळूहळू उतरतो. मी गळून पलंगावर पडलेली, आणि फोनवर अभिनंदन घेत होते. नर्सनं हे आधी सांगितलं होतं म्हणून निदान घाबरले नाही. रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचे, कधी अर्ध्यातून परत. पडून राहिलं की थकवा वाढतो, हे खरं निघालं.

पाळी गेली ती गेलीच. ओटीपोटावर किरण घेतले की बीजकोश थांबतात. त्याबद्दल आणि त्यापुढच्या बाकी गोष्टींबद्दल नर्सनं दार लावून, नवऱ्याला बाहेर बसवून, अर्धा तास सांगितलं. बायकांनो, तिकडं कुणी आपणहून नाही सांगितलं तर विचारा. एवढंच लिहिते, हे आईही वाचते.

आता गाठ आकसली आहे, एमआरआय झाला, ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची. त्यात काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची पिशवी येणार. काल ती पिशवी नेमकी कुठं बसवायची याची खूण करायला एक नर्स भेटली. तिनं बसवलं, वाकवलं, झोपवलं. विचारलं, पँटचा पट्टा कुठं येतो? मी म्हटलं, पँट आठवड्याचे पाच दिवस, पण लातूरला गेले की साडी. मी सोबत परकर नेला होता, तो नेसून दाखवला. नाडी कुठं बसते, निऱ्या कुठं खोचतात, सगळं तिनं बोटानं चाचपून बघितलं. मग मी जमिनीवर मांडी घातली आणि परात समोर आहे असं धरून वाकले. तिनं पेनचं टोपण काढलं आणि नाडीच्या दोन बोटं खाली, उजवीकडं, काळा गोल काढला.