धाकट्याचा वर्ग तळमजल्यावर

मी आपल्या शाळेच्या १९९२ च्या दहावीच्या तुकडीची. घर किसननगरच्या एका चाळीत, वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथे उभी राहिली. नगर जिल्ह्यातून आलेल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांना याच वसाहतीने ठाणेकर केलं. मी सातवीत असताना वडिलांचा कारखाना बंद पडला आणि देणी रखडली. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची, वडील मिळेल ते काम करायचे. शाळेची पुस्तकपेढी होती म्हणून आमच्या पुस्तकांची सोय झाली. त्या दिवसांबद्दल एवढं पुरे, कारण मला लिहायचं आहे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल आणि आईबद्दल.

धाकटा याच शाळेत माझ्या चार वर्षं मागे होता. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवायचा आणि तसाच वर सरकत उभा राहायचा. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या दिसायच्या, त्यामुळे पोरगं दणकट आहे असंच सगळे म्हणायचे. पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायू शाबूत ठेवणारं एक प्रथिन या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही. आजार बहुतेक करून मुलग्यांना होतो, पुष्कळदा आईकडून येतो आणि तो बरा करणारं औषध नाही. नातेवाइकांनी यातलं ‘आईकडून’ एवढंच लक्षात ठेवलं. त्यावरून आईने जे ऐकून घेतलं, ते मी इथे लिहिणार नाही.

पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. पहिले काही दिवस त्याच्या वर्गातली मुलं त्याला उचलून नेत. मुख्याध्यापक सरांनी ते पाहिलं आणि तळमजल्यावरची चित्रकलेची खोली रिकामी करून अख्खी पाचवी ब खाली आणली. पुढच्या वर्षी सहावी ब त्याच खोलीत बसली, मग सातवी ब. कसली सूचना लागली नाही की प्रार्थनेच्या वेळी कुणी चार शब्द बोललं नाही. नुसता वेळापत्रकात खोलीचा क्रमांक बदललेला असायचा. आईने सरांचे आभार मानले तेव्हा सर म्हणाले, “अहो, चित्रं कुठेही काढता येतात.” आमच्या घरातल्या रात्रीच्या प्रार्थनेत सरांचं नाव पुढे कित्येक वर्षं घेतलं जात होतं. सरांना ते कधी कळलं की नाही, देव जाणे.

रात्री जेवणं झाली की वडील तेल कोमट करून धाकट्याच्या पायांना लावायचे आणि टाचा हळूहळू ताणायचे. या आजारात टाचेमागचे स्नायू आखडत जातात. त्याला दुखू नये म्हणून आई तेवढा वेळ गायची. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भजनं टाळ-मृदंगावर होत, त्यामुळे घरातही टाळ होते. धाकटा झोपल्या झोपल्या टाळ धरायचा. पुढे हात उचलेनासे झाले तेव्हा टाळ माझ्याकडे आले आणि गाण्याचं त्याने स्वतःकडे घेतलं. कडवं चुकलं की तो थांबवून पुन्हा म्हणायला लावायचा.

माझ्या मैत्रिणी घरी यायच्या. त्यांतल्या एकीने दबकत विचारलं होतं, “काकूंना डॉक्टरांनी सगळं सांगितलंय ना? मग त्या एवढ्या हसतात कशा?” आईला सगळं ठाऊक होतं. ती रडायचीसुद्धा, आमच्यादेखत, पदराआड न लपता. आल्यागेल्यापुढे हसरा चेहरा करून बसणं तिला जमतच नव्हतं. म्हणून तर तिचा आनंद खरा आहे हे आम्हा मुलांना कळत होतं.

हा आनंद तिला आजीकडून मिळाला, असं ती सांगते. आईची आजी १८९७ च्या दुष्काळात अनाथ झालेली मुलगी. पंडिता रमाबाईंनी केडगावला आश्रय दिलेल्या मुलींमध्ये ती वाढली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर पती गेले. उतारवयात, १९२१ साली, एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. अशा बाईने आपल्या संस्थेला नाव दिलं ‘मुक्ती’ आणि अखेरपर्यंत पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम केलं. आईची आजी म्हणायची, “बाईंनी आम्हांला रडायला बंदी केली नाही आणि गायलाही शिकवलं.”

बायबलमधलं आईचं आवडतं पत्र म्हणजे प्रेषित पौलाचं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं ‘फिलिप्पैकरांस’. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा,” हे पौलाने बंदिवासात असताना लिहिलं, हे ती प्रत्येकाला सांगते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की पत्र कोणत्या गावाला गेलं. त्याच फिलिप्पैत पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघे स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. त्या रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांत तो माणूसही बसला असेल, असं मला नेहमी वाटतं. ‘आनंद करा’ म्हणणाऱ्याच्या पाठीवरचे वळ त्याने स्वतः धुतले होते. सुखवस्तू माणसाने हे वाक्य लिहिलं असतं तर आमच्या घरात ते टिकलं नसतं.

काही लोक मात्र सांगायचे की आमचा विश्वास कमी पडतो, नाहीतर पोरगा चालला असता. अमुक सभेला न्या, तमुक उपास करा. हे बोलणं चुकीचं होतं आणि क्रूर होतं, असं मी आजही ठामपणे म्हणते. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा राहिला, उत्तर मिळालं, “माझी कृपा तुला पुरे आहे.” धाकट्याने हे वचन स्वतः निवडून वहीच्या पहिल्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं होतं.

तो एकोणिसाव्या वर्षी, भर पावसाळ्यात गेला. शेवटी श्वासाचे स्नायूच थकले. आईचं गाणं थांबलं. प्रार्थनेला शब्द सुचेनात, तेव्हा पाळकीणबाई येऊन तिच्यासाठी प्रार्थना करायच्या आणि आई नुसतं ‘आमेन’ म्हणायची. त्या नाताळात मंडळीतली तरुण मुलं रात्री गाणी गात चाळीत आली. आम्हांला वाटलं, आई दार उघडणार नाही. तिने उघडलं, उंबऱ्यात उभी राहून मुलांबरोबर गायली, गाताना डोळे वाहत होते, आणि मग सगळ्यांना करंज्या दिल्या.

मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला. त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. माझा सगळा विश्वास या एका जागी येऊन टेकतो. रडणारा आणि मरणातून उठलेला प्रभू एकच आहे, म्हणून धाकटा मला पुन्हा भेटेल याची खात्री आहे आणि आज त्याच्यासाठी रडायची मोकळीकही आहे. मी आता ऐरोलीत राहते. संसारात आजारपणं आली, कर्ज आलं, रात्री झोप लागेना असेही दिवस आले. त्या प्रत्येक वेळी हा आनंद मला धरून राहिला. माझ्यात एवढी ताकद नाही. तो ख्रिस्ताकडून येतो आणि मी तो घेते.

धाकट्याच्या तुकडीतली मुलं आता चाळिशीपार गेली आहेत. शाळेच्या प्रवेशद्वारापाशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि कठडा बांधून द्यायचं त्यांनी ठरवलंय. वर्गणी गोळा करताना ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही नका देऊ.” मी दिली. समारंभाला आई येणार आहे. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण आवाज अजून खणखणीत आहे. तिला गायला सांगा. ती नाही म्हणणार नाही.