नववीच्या वर्गाला पर्यटन उद्योगाची ओळख करून देताना

मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. आमच्या वर्गांतील अनेक मुलांच्या घरी पर्यटनातून काही ना काही उत्पन्न येते. कोणाच्या वडिलांची होडी असते, कोणाची आई खानावळ चालवते, कोणी घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या असतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, म्हणजे या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यामुळे नववीसाठी पर्यटन उद्योगाची ओळख करून देणारा उपक्रम मी मांडला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिली प्रतिक्रिया ‘माशाच्या पिल्लाला पोहायला काय शिकवणार?’ अशीच आली.

प्रत्यक्षात पहिल्याच तासाला मुलांनी जे लिहून दिले, त्यात पर्यटक होते, समुद्र होता, किल्ला होता. पण त्यांच्या स्वतःच्या घरात चालणारे काम जवळजवळ कोणीच उद्योग म्हणून लिहिले नव्हते. कारखाना, यंत्रे आणि पगार असला की उद्योग, ही कल्पना पाठ्यपुस्तकांमुळे आणि आमच्या शिकवण्यामुळेही पक्की झालेली असते. आईने पहाटे उठून पाहुण्यांसाठी घावणे काढणे हे त्यांच्या लेखी घरकाम होते. उपक्रमाची सगळी आखणी मी मग या एका गोष्टीभोवती केली.

व्याख्येपासून सुरुवात करणे भाग होते. आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, सलग एक वर्षाहून कमी काळासाठी आणि भेट दिलेल्या ठिकाणी नोकरी करण्याखेरीज अन्य हेतूने जाणारी व्यक्ती, अशी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची व्याख्या मी फळ्यावर लिहिली आणि विचारले, की मग गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी पर्यटक ठरतो का? वर्ग पेटलाच. ‘तो पावणो नाय, घरचोच माणूस आसा,’ असे मागच्या बाकावरून ठामपणे सांगण्यात आले. व्याख्येनुसार मात्र त्याचा नेहमीचा परिसर मुंबई आहे, नातेवाइकांना भेटणे हाही पर्यटनाच्या मान्य हेतूंपैकी एक आहे, आणि गावातल्या बंद घराचे कुलूप उघडून चार दिवस राहणे बहुधा त्यातच मोजले जाते. मुलांना हे पटायला वेळ लागला. काहींना शेवटपर्यंत पटले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. या वादाचा फायदा असा झाला, की चाकरमान्याच्या खर्चाकडे मुलांचे लक्ष गेले. तो कोकण रेल्वेचे किंवा खासगी बसचे तिकीट काढतो, बाजारात भरपूर खर्च करतो, रिक्षा करतो; पण खोलीचे भाडे देत नाही आणि खानावळीत क्वचितच जेवतो. एकाच उद्योगाच्या एका शाखेला त्याच्याकडून भरपूर मिळते आणि दुसरीला जवळजवळ काहीच नाही, हे मुलांनी स्वतःच ओळखले, आणि शाखांची विभागणी शिकवण्याचे माझे अर्धे काम तिथेच झाले.

पुढच्या टप्प्यात आम्ही पुण्याहून दोन रात्रींसाठी येणारे एक काल्पनिक कुटुंब घेतले आणि त्यांचा प्रत्येक रुपया कोणाच्या हातात जातो, याचा तक्ता करायला घेतला. प्रवास, निवास, खानपान, आकर्षणस्थळे आणि साहसी खेळ, सहलींचे संयोजन, शासकीय यंत्रणा असे रकाने होते. पहिल्या दिवशी तक्त्यात हॉटेल, होडी आणि मासे एवढेच आले. त्यानंतर मुले घरी विचारून येऊ लागली आणि तक्ता फुगत गेला: पेट्रोल पंप, चादरी धुणारा, बर्फाचा कारखाना, शहाळीवाला, खाजा विकणारी दुकाने, लाइफ जॅकेट पुरवणारा व्यापारी. एका मुलाने आरक्षणाच्या संकेतस्थळाला जाणारे कमिशन नोंदवले आणि विचारले, की ती कंपनी मालवणात नसताना तिचे नाव आपल्या तक्त्यात कसे येते. गोव्यात मोपा येथील विमानतळ २०२३ पासून सुरू झाल्याने काही पाहुणे तिकडून गोव्याच्याच गाडीने येतात, ही नोंदही याच वेळी आली. पर्यटकाने इथे येण्यासाठी मोजलेले सगळे पैसे इथे पोहोचत नाहीत, हे मला स्वतंत्रपणे शिकवावे लागले नाही.

सर्वाधिक भांडण झाले ते स्कूबा डायव्हिंगवरून. होडी लागते म्हणून ते प्रवासात, की समुद्रतळ पाहायचा म्हणून आकर्षणस्थळांत? आणि तीच होडी मासेमारीलाही जात असेल, तर मालकाला कोणत्या रकान्यात बसवायचे? मी उत्तर दिले नाही. देवबागच्या बाजूला अशा कुटुंबांची कमी नाही, ज्यांचे एक पाऊल मच्छीमारीत आणि दुसरे पर्यटनात असते. एकच माणूस दोन उद्योगांत असू शकतो, हे मान्य करून मुलांनी अखेर त्याचे नाव दोन ठिकाणी लिहिले.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी वेगळा तास ठेवला होता. किल्ला १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला, हे सर्वांना पाठ होते. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्या यादीत आपल्याच जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे, हेही बहुतेकांना ठाऊक होते. पण किल्ला राखते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, धक्क्यावरून प्रवासी नेतात स्थानिक होडीवाले, पर्यटनाच्या परवानग्या आणि नोंदणी पाहते पर्यटन संचालनालय, तर तारकर्लीचे निवासस्थान आणि स्कूबा प्रशिक्षण संस्था चालवते पर्यटन विकास महामंडळ, ही वाटणी त्यांना नवी होती. संचालनालय आणि महामंडळ यांतला फरक, खरे सांगायचे तर, अनेक मोठ्यांनाही ठाऊक नसतो.

पालकांची सभा मला अवघड गेली. ‘पोराने शिकून पुन्हा खानावळच सांभाळायची का?’ हा प्रश्न तीव्रतेने आला, आणि तो चुकीचा नव्हता. ज्यांनी हंगामात रोज अठरा तासांचे दिवस काढले आहेत, त्यांना मुलांसाठी वेगळे काही हवे असणारच. मी त्यांच्यापुढे अभ्यासक्रमांची माहिती ठेवली. बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षेतून हॉटेल व्यवस्थापनाच्या शासकीय संस्थांत जाता येते, त्यांपैकी एक मुंबईत दादरला आहे. पर्यटन व्यवस्थापन शिकवणाऱ्या ग्वाल्हेरच्या केंद्रीय संस्थेचे एक केंद्र गोव्यात आहे. स्कूबा प्रशिक्षक, संग्रहालयातील सहायक, सहल आखणारा, विमानतळावरील कर्मचारी, लेखापाल ही सगळी याच उद्योगातील कामे आहेत. राज्य शासनाच्या २०२३ च्या ‘आई’ या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात महिला व्यावसायिकांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे, हे सांगितल्यावर सभेतील आयांनी माझ्यापेक्षा अधिक नेमके प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या काहींची उत्तरे मला नंतर कार्यालयात जाऊन आणावी लागली.

असा उपक्रम करू इच्छिणाऱ्या शिक्षकांना वेळापत्रकाबद्दल एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. किनाऱ्यावरील शाळेने मुलाखतींचे काम जून ते ऑगस्टमध्येच उरकावे. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, आणि एरवी दोन मिनिटे न थांबणारा होडीवाला तेव्हा पडवीत बसून मुलांना हिशोबाची वही उघडून दाखवतो. किल्ला आणि स्कूबा केंद्राची भेट दिवाळीनंतर, पण नाताळच्या गर्दीआधी ठेवावी. मुलाखती मालवणीत घेऊ द्याव्यात आणि टिपणे नंतर प्रमाण मराठीत लिहून घ्यावीत, कारण मुले प्रमाण भाषेत प्रश्न विचारू लागली की समोरचा माणूस भाषण करू लागतो.